निवारण : हो

घरबांधणी खात्याच्या देखभाल कचेरीत गेले तीन महिने एकही तक्रार शिल्लक नव्हती. खात्याच्या बेचाळीस इमारती, तीन हजारांवर घरे, घराघरांत नळ, कड्या, खिडक्या आणि दिवे, शिवाय बारा इमारतींना लिफ्ट. आणि यांतले काहीही बिघडून राहत नव्हते. बिघडत सगळे होते, पण तक्रार नोंदवल्यापासून चार सेकंदांत तिचे निवारण होत होते. कचेरीच्या दर्शनी दालनात एक मोठा पडदा लावला होता, त्यावर हिरव्या अक्षरांत ‘निवारण : शंभर टक्के’ अशी ओळ आणि तिच्याखाली निवारण-शिल्लकीचे आकडे दिवसरात्र झळकत असत. साहेब रोज सकाळी आत येताना त्या पडद्यापुढे थांबत, आरशापुढे थांबावे तसे, आणि केसांवरून हात फिरवून मग आपल्या खोलीत जात.

या चमत्काराचे श्रेय जिला जायला हवे होते तिला कचेरीत सगळे संगणकबाई म्हणत. तक्रारींचा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला होता. प्रोग्रॅम तसा साधा. प्रत्येक तक्रारीसोबत एक प्रश्न असे : निवारण झाले का? नवी तक्रार आली की उत्तर ‘नाही’. फिटर जाऊन काम करून आला की त्याने ते बदलून ‘हो’ करायचे. उत्तर ‘हो’ झाले की तीन गोष्टी आपोआप घडत. तक्रार फिटरांच्या कामाच्या यादीतून निघून जाई, तक्रारदाराला आभाराचा संदेश जाई, आणि दालनातल्या पडद्यावर आकडा एकाने वाढे.

सुरुवातीला या प्रश्नाचे उत्तर म्हणजे नुसती एक खूण करायची चौकट होती. खूण असली तर खरे, नसली तर खोटे. संगणकाच्या भाषेत खरे-खोटे ही दोन मूल्ये जन्मजात असतात. त्यांच्यावर त्या भाषेचा सगळा संसार चालतो. पण साहेबांना ती चौकट पसंत पडली नाही. ते म्हणाले की हे शाळेतल्या चाचणी परीक्षेसारखे दिसते. सरकारी कामाला भारदस्तपणा हवा, अक्षरांत लिहा : हो, नाही. संगणकबाईने तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी चौकट काढली, तिथे अक्षरे आणली आणि मोजणी नव्याने सुरू केली. ‘हो’ लिहून पाहिले, प्रोग्रॅम चालला. ‘नाही’ लिहून पाहायचे राहिले, कारण तेवढ्यात साहेबांनी पडद्यावरची अक्षरे हिरवी करण्यासाठी बोलावले.

त्या दुपारपासून शहरातले सगळे नळ नीट झाले.

संगणकबाईच्या वडिलांची तीस वर्षे बस डेपोत वेळापत्रके लावण्यात गेली होती. खात्याच्याच एका इमारतीत ते चौथ्या मजल्यावर एकटे राहत. संगणकबाई नवऱ्यासोबत शहराच्या दुसऱ्या टोकाला राही, आणि दर रविवारी त्यांच्याकडे जाई. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते रुग्णालयात दाखल झाले तेव्हा लिफ्ट चालू होती. परत आले तेव्हा बंद होती. रुग्णवाहिकेच्या दोघा माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून, वाटेत पाच वेळा टेकत, घरात पोचवले. डॉक्टरीणबाईंनी निघतानाच बजावले होते : रोज खाली उतरून सरळ, लांब पावले टाकत अर्धा तास चालायचे. खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारून भागणार नाही. सहा आठवड्यांत गुडघा वाकू लागला तर लागला, नाहीतर तो तसाच आखडून बसेल, आणि मग काठी जन्माची सोबतीण.

बाबांनी त्याच दिवशी लिफ्टची तक्रार नोंदवली. फोन खाली ठेवेपर्यंत संदेश आला : ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. धन्यवाद.’ बाबांनी वेळ मोजली. चार सेकंद. ते भिंतीला धरून दारापर्यंत गेले, लिफ्टचे बटण दाबले, आणि ते दाबलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार करायला गेले तर प्रोग्रॅमने ती घेतलीच नाही. हे काम आधीच झाले आहे, असे त्याचे म्हणणे पडले.

तीन आठवडे असेच गेले. त्या काळात संगणकबाईची समजूत अशी की जुनी लिफ्ट आहे, दुरुस्त होते आणि पुन्हा बिघडते. एका गुरुवारी बाबांचा कचेरीत फोन आला तेव्हा तिने समोर नोंद उघडून पाहिली आणि त्यांना धीर दिला की लिफ्ट चालू झालेली आहे, इथे स्पष्ट दिसते आहे.

“बरं झालं सांगितलंस,” बाबा म्हणाले. “मी आत्ता तिच्या दारातच उभा आहे, मला बंद दिसतेय. पण तू दहा मैलांवरून बघतेस, तुला जास्त नीट दिसत असणार.”

रविवारी ती चार जिने चढून गेली. बाबा खुर्चीत बसून होते, पाय समोर स्टुलावर. त्यांनी गुडघा वाकवून दाखवला. म्हणजे वाकवायचा प्रयत्न दाखवला. त्यांच्या घरातल्या बोळात कपाट सोडून सात पावले मावत होती. ती सात पावले ते दिवसातून साठ वेळा टाकत आणि दर सातव्या पावलाला वळताना दुखऱ्या पायावर भार येई. ती निघताना ते एवढेच म्हणाले की तीन आठवडे संपले, तीन उरले.

सोमवारी संगणकबाई आपल्या टेबलाशी न जाता आधी मागच्या आवारात, फिटरांच्या खोलीत गेली. नऊ फिटर आणि त्यांचा मुकादम. खोलीला ताजा रंग होता. तीन महिन्यांत त्यांनी ती दोनदा रंगवली होती. दाराबाहेर जुन्या पाइपांच्या तुकड्यांत टोमॅटोची रोपे लावलेली, त्यांना तारेचे छान आधार. गाडी इतकी धुतलेली की तिच्यात बसायला संकोच वाटावा. मुकादमाने तिला खुर्ची पुढे केली आणि पिशवीत चार टोमॅटो घातले.

तिने विचारले की तीन महिने काम नाही याचे कुणाला नवल वाटले नाही का. मुकादम म्हणाला, पहिल्या आठवड्यात वाटले होते. मग त्याने साहेबांना विचारले, साहेब म्हणाले की यालाच सुधारणा म्हणतात. नियम काय तर यादीत क्रमांक असेल तरच भांडारातून सामान मिळते. क्रमांकाशिवाय एक वायसरही हलत नाही. रोज सकाळी आठला यादी छापून निघते. मुकादमाने तीन महिन्यांच्या याद्या क्रमाने लावून ठेवल्या होत्या. वरती खात्याचे नाव, खाली तारीख, मध्ये स्वच्छ पांढरा कागद.

“लोक येऊन शिव्या देतात, बाई,” तो म्हणाला. “पण यादीत नसलेल्या शिव्या आम्ही घेत नाही.”

मग संगणकबाई टेबलाशी जाऊन बसली. तिने एक खोटी तक्रार नोंदवली, आपल्याच टेबलाचा खण अडकतो अशी, आणि उत्तराच्या जागी ‘नाही’ आहे याची खात्री केली. चार सेकंदांत तिच्या फोनवर आभार आले.

अर्ध्या तासात तिला चूक सापडली. ती एका ओळीत होती, आणि ओळ तिचीच होती. जेव्हा तिथे चौकट होती तेव्हा ‘निवारण झाले का?’ एवढे विचारणे पुरत होते, कारण चौकट खरे किंवा खोटे, दोहोंपैकी एकच देते. पण आता तिथे अक्षरे होती, आणि ही भाषा अक्षरे वाचत बसत नाही. तिच्यापुढे अक्षरांचा डबा ठेवला की ती झाकण उघडून आतली चिठ्ठी वाचण्याचे कष्ट घेत नाही. डबा कानाशी धरून हलवून पाहते. आत काही खडखडले की म्हणते, खरे. डबा साफ रिकामा असला तरच म्हणते, खोटे. ‘हो’ची चिठ्ठी खडखडते; ‘नाही’ची चिठ्ठीही तेवढीच खडखडते. चिठ्ठीवर ‘मुळीच नाही, कधीच नाही, शपथेवर नाही’ असे लिहिले असते तर ती जरा जास्त खडखडली असती, इतकेच. ओळ दुरुस्त करायला दोन शब्दही पुष्कळ होते : आत काही आहे का असे न विचारता, आत ‘हो’ आहे का असे विचारायचे.

सरकारी शिस्त अशी की चालू प्रोग्रॅममध्ये साहेबांच्या संमतीशिवाय हात घालायचा नाही. ती साहेबांच्या खोलीत गेली आणि तिने सगळे सांगितले, डब्यासकट. साहेबांनी फार लक्ष देऊन ऐकले. मग विचारले की म्हणजे नेमके किती टक्क्यांचा फरक पडेल.

“शंभर,” ती म्हणाली.

साहेब उठून खिडकीशी गेले. बरोबर आठवड्याने, सोमवारी अकरा वाजता, मुख्य कचेरीतून मोठ्या बाई येणार होत्या. तत्पर सेवेची ढाल देणार होत्या, आणि हाच प्रोग्रॅम सगळ्या खात्यांत लावावा अशी घोषणा करणार होत्या. साहेबांनी समजूत घातली. ते म्हणाले, चूक झाली हे आपल्या दोघांना कळले, म्हणजे ती निम्मी सुधारलीच. राहिलेली निम्मी बेताबेताने सुधारू. ढाल घेऊन झाली की रोज दोन-दोन टक्क्यांनी आकडा खाली आणायचा. एकदम पडला तर लोकांचा विश्वास उडतो. हळूहळू पडला तर त्याला आढावा म्हणतात.

मग त्यांनी आवाज उतरवला आणि तिच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. साहेब वाईट माणूस नव्हते. कुणाचे वडील चौथ्या मजल्यावर अडकून पडावेत असे त्यांना मुळीच वाटत नव्हते.

“तेवढी एक तक्रार यादीत आणता येते ना? मग आणा की. माझी ना नाही.”

आणता येत होती. बाबांच्या तक्रारीपुढचा डबा रिकामा करायचा, ‘नाही’ पुसून टाकायचे, की ती एकटी तक्रार खोटी ठरून यादीत येणार. संगणकबाईने टेबलाशी बसून थोडा वेळ विचार केला. विचार असा की तीन आठवडे उरले आहेत, आणि आपण बाकीचेही करणारच आहोत, आठवड्याने. कुठलीही गोष्ट आठवड्याने करायची ठरली की मन हलके होते. तिने ती दोन अक्षरे पुसली.

मंगळवारी सकाळी आठ वाजता फिटरांच्या खोलीत तीन महिन्यांनी पहिल्यांदा यादीवर काम छापून आले. मुकादमाने ते मोठ्याने वाचून दाखवले. कोण जाणार यावर वाद होऊ लागला तेव्हा त्याने सगळ्यांनाच गाडीत घातले. बाबांच्या इमारतीपुढे झगझगीत गाडी थांबली आणि तिच्यातून नऊ फिटर हत्यारे घेऊन उतरले. एकाने दोर तपासला, दोघांनी मोटर उघडली, एकाने पट्टा बदलला, एकाने बटण, आणि उरलेल्या चौघांनी आलटून पालटून विजेरी धरली. चाळीस मिनिटांत लिफ्ट सुरू झाली. मुकादमाने स्वतःच्या हाताने उत्तरात ‘हो’ लिहिले. जाता जाता त्यांनी लिफ्टचा आरसाही पुसून दिला.

इमारतीतल्या लोकांनी जिन्यात उभे राहून हा सोहळा पाहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना विनवले की आता आलाच आहात तर माझ्या स्वयंपाकघरातला वाहता नळ बघून जा. मुकादमाने फोन काढून नोंद पाहिली आणि सांगितले की काकू, तुमचा नळ महिन्यापूर्वीच नीट झालाय.

बाबा त्या संध्याकाळी खाली उतरले. पहिल्या दिवशी दोन इमारतींमधल्या फरसबंदीवर दहा मिनिटे, मग पंधरा, मग वीस. शनिवारी त्यांनी फोनवर सांगितले की गुडघा चांगलाच वाकला. संगणकबाईला त्या रात्री शांत झोप लागली.

रविवारी ती लिफ्टने वर गेली. बाबा कपडे करून तयार बसले होते. दोघे खाली उतरले आणि चालू लागले. समोरच्या इमारतीखालून जाताना बाबांनी मान वर केली आणि हात हलवला. सहाव्या मजल्याच्या खिडकीत एक माणूस बसला होता. त्यानेही हात हलवला.

तो शिंपी. तिने त्याला रुग्णालयात पाहिले होते, बाबांच्या शेजारच्या खाटेवर. दोघांचे ऑपरेशन एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरीणबाईंकडून. घरी आल्यापासून रोज सकाळी दोघे फोन कानाला लावून आपापल्या बोळात चालत आणि पावले मोठ्याने मोजत. शिंप्याच्या बोळात नऊ मावत, म्हणून तो बाबांना चिडवी. त्याच्या इमारतीची लिफ्ट दोन महिने बंद होती.

 अर्धी फेरी झाल्यावर बाबा म्हणाले,

“त्यानं विचारलं मला, तुझी कशी सुरू झाली. मी म्हटलं, तक्रार केली होती.”

“मग?”

“म्हणाला, मीही केली होती.”

ते आणखी थोडे चालले. मग बाबांनी विचारले की त्याची कधी होईल. तिने मनातल्या मनात हिशेब केला. रोज दोन टक्के. शिंप्याची तक्रार कुठल्या दोन टक्क्यांत येईल हे साहेबांच्या मर्जीवर, पण शेवटच्यांत आली तर पन्नास दिवस. त्याच्याकडे चौदा होते.

“तुझ्या हातात आहे का ते?” बाबांनी विचारले.

या प्रश्नाला दोनच उत्तरे होती, आणि तिने दोन्हींपैकी एकही दिले नाही.  बाबांनी पुढची फेरी एकट्याने मारली.

सोमवारी दहा वाजल्यापासून कचेरीत धावपळ होती. दालनात खुर्च्या मांडल्या होत्या, पडद्याखालच्या टेबलावर फुलांची परडी होती. पडद्याची काच साहेबांनी स्वतः पुसली. संगणकबाई दहा वाजून चाळीस मिनिटांनी आपल्या टेबलाशी बसली, ती एक ओळ उघडली, आणि आत काही आहे का या जागी आत ‘हो’ आहे का असे लिहिले. मग संमतीच्या रकान्यात साहेबांचे नाव न घालता स्वतःचे घातले, यादी लगेच छापायची खूण केली आणि बटण दाबले.

आता प्रोग्रॅमने प्रत्येक डब्याचे झाकण उघडून आतली चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. त्याला फार वेळ लागला नाही. मोठ्या बाई अकराला दोन मिनिटे कमी असताना आत आल्या. फुले घेतली आणि ज्या पडद्याची इतकी कीर्ती ऐकली होती त्याकडे वळल्या. साहेब पडद्याकडे पाठ करून बोलत होते, त्यामुळे त्यांचे आणखी एक वाक्य पूर्ण झाले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिले होते : ‘निवारण : १. शिल्लक : १,१८५.’

 मागच्या आवारातून यंत्राची घरघर ऐकू येत होती, फिटरांच्या खोलीतला छपाईयंत्राचा आवाज, न थांबणारा. थोड्या वेळाने मुकादम दारात आला. त्याच्या हातात कागदाची लांबलचक गुंडाळी होती आणि तिचे टोक मागे लोळत होते.

“बाई,” तो म्हणाला, “कागद संपला, आणि अजून नळच चाललेत.”

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे. त्या हुशार होत्या. बाकीच्या अकराशे पंच्याऐंशींबद्दल त्यांनी काही विचारले नाही.

“ही एक कुठली?”

साहेबांनी संगणकबाईकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, विनंती होती. कुठल्यातरी दवाखान्याचे नाव घे, अंधशाळेचे घे. मुकादम यादीची गुंडाळी करू लागला.

“माझ्या वडिलांची,” ती म्हणाली.

ढाल आली त्याच गाडीने परत गेली. आठवड्याभरात संगणकबाईला लेखी खुलासा मागणारे पत्र मिळाले. पत्राचा मुद्दा बिनतोड होता. कागदोपत्री पाहता, तिने प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी ११८६ तक्रारींचे निवारण झालेले होते, आणि हात लावल्यावर एकीचेच राहिले. एका सकाळीत ११८५ निवारलेल्या तक्रारी बिघडवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? दुसरा मुद्दा वडिलांच्या लिफ्टचा होता आणि तो एका ओळीत होता : वडिलांचे काम आपण आधी केले का? पहिल्या मुद्द्याला तिने तीन पाने उत्तर लिहिले. दुसऱ्याला एकच शब्द लिहिला : केले. तिची वार्षिक बढती थांबली. साहेबांची बदली प्रशिक्षण केंद्रात झाली, तिथे ते नव्या अधिकाऱ्यांना आकडेवारी कशी मांडावी ते शिकवतात.

फिटरांचे टोमॅटो पाण्यावाचून वाळले. नऊ माणसे तीन-तीनच्या तुकड्यांनी सकाळी आठला निघत आणि अंधार पडल्यावर परतत. मुकादमाने आधी पाच बंद लिफ्ट घेतल्या, मग नळ. शिंप्याच्या लिफ्टला नवी मोटर लागली. ती यायला नऊ दिवस गेले, बसवायला एक.

शिंपी खाली उतरला तेव्हा त्याच्या सहा आठवड्यांतले चार दिवस उरले होते. संगणकबाई त्या संध्याकाळी कचेरीतून तिथेच आली होती. बाबा दाराशी जाऊन उभे राहिले होते, आल्याबरोबर पावले मोजायला. शिंप्याचा गुडघा अर्धाच वाकत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आणखी थोडा वाकेल, पूर्ण वाकेलच असे सांगता येत नाही. त्याने काठी टेकली आणि दोघे चालू लागले, बाबा मुद्दाम लहान पावले टाकत.

शिंप्याने मागे वळून तिच्याकडे पाहिले आणि बाबांना विचारले, “ही तुझी मुलगी ना, त्या कचेरीतली?”

“हो.”

“दोन आठवड्यांपूर्वी, तुझ्या लिफ्टसोबतच का नाही केलं हिनं?”

संगणकबाई चार पावले मागून येत होती. बाबा तिची बाजू घेतील असे तिला वाटले. त्यांना बढतीचे माहीत होते, पत्राचे माहीत होते.

“तिलाच विचार,” बाबा म्हणाले. “मागेच आहे.”

शिंपी थांबला आणि तिची वाट पाहत उभा राहिला.